मूठ सुटल्यानंतर

४ फेब्रुवारी

सुरी मानेच्या हाडात अडकली आणि तुझ्या जागी आलेल्या माणसानं ती मेंढ्याच्या पाठीला गुडघा लावून उपसली. मेंढा साखळीला उलटा टांगलेला, गळा अर्धाच उघडा. रक्त धारेनं पडायला हवं होतं, ते उचक्या देत पडत होतं. मी बर्फाचा डबा घेऊन शेजारी उभी होते.

"डोळा बघ," मी म्हणाले.

"बाई, तुम्ही तुमचा बर्फ सांभाळा."

मग मीच वाकून बुबुळाला बोट लावलं. पापणी मिटली. त्यानं ती बघितली, पुन्हा सुरी घातली. माझ्या चपला भिजल्या. नंतर मांडीचा तुकडा कापून त्यानं डब्यात फेकला, काडीला न बांधता, थेट बर्फावर. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो आखडून निम्मा झाला होता. मॅडमनी चिमट्यानं उचलून बघितला. "हे काय आणलंस, बूच?"

तुझ्या हाताखाली असं कधी झालं नाही, दादा.

तू आधी विजेचा चिमटा लावून जनावर पाडायचास. मग डोळ्याला बोट. पापणी हलली तर एक शब्द न बोलता पुन्हा चिमटा. अर्धं मारून ठेवायचं नाही, हा तुझा नियम. पापणी हलली नाही की मान वळवून मला विचारायचास, "घेऊ?" मी झाकण उघडून, दोरा आणि काड्या हातात घेऊन म्हणायचे, "घे." मगच सुरी चालायची. माझी तयारी नसली तर तू थांबायचास आणि सगळी रांग तुझ्यामागे थांबायची. अख्खा कत्तलखाना हसायचा. बर्फवालीची परवानगी आली का रे, म्हणायचे. तू हसायचा नाहीस. तुकडा काडीला ताणून बांधताना माझ्या बोटांखाली उड्या मारायचा. जनावर गेलेलं आणि मांडी अजून कुठंतरी निघालेली.

नवा माणूस विचारत नाही.

हे पत्र वकीलबाई त्यांच्या कागदांतून आत आणतील. त्यांचे कागद तुरुंगाच्या दारात वाचत नाहीत. मी दोनदा भेटीला आले. दोन्ही वेळा तू निरोप पाठवलास की मला बहीण नाही. दुसऱ्या वेळी शिपायानं तो खाली बघून सांगितला.

राग कशाचा आहे ते मला कळतं. तू माझ्या नवऱ्याला मारलंस आणि मी त्याच्या बरगडीवर दोन्ही हात दाबून बसले. पोलीस आले तेव्हाही माझे हात तिथंच होते. ज्याच्यापासून मला सोडवलंस त्यालाच वाचवायला बसले. तुझ्या जागी मी असते तर मलाही बहीण नसती.

बर्फवाली


१२ फेब्रुवारी

पत्र परत आलं. घडी उलटी होती. मी मजकूर आत ठेवते, तू बाहेर ठेवलास. म्हणजे वाचलंस.

वकीलबाईंकडे जाऊन आले. त्यांच्या खोलीत पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून वजनं ठेवली आहेत. कुठल्या तरी बंद पडलेल्या दुकानातली, तराजूची.

"तुझा भाऊ मला काही सांगत नाही," त्या म्हणाल्या. "मी मारलं, एवढं म्हणतो आणि भिंतीकडे बघतो. मी कुणाचा बचाव करतेय, त्याचा की भिंतीचा?"

"तो पहिल्यापासून कमी बोलतो."

"मग तू बोल. दोन वार आहेत. पहिल्याचं मी बघून घेईन, नवरा बहिणीला मारताना भावानं बघितलं, हात उठला. दुसरा अडचणीचा आहे. तो मोजून मारलेला आहे. दुसरा वार बसला तेव्हा तुझ्या नवऱ्याची मूठ तुझ्या केसांत होती. हे एक वाक्य तू साक्षीत बोललीस तर चारपाच वर्षांत तो बाहेर येईल. मूठ सुटली होती असं निघालं तर पडलेल्या माणसाला मारलं असं होतं. मग जन्मठेप."

"आणि मूठ होती की नव्हती हे कुणाला माहीत?"

"केस कुणाचे आहेत?"

त्यांनी एक वजन उचलून दुसऱ्या कागदावर ठेवलं.

प्रयोगशाळेत सध्या मी सूक्ष्मदर्शकावर बसते. काचेच्या पट्टीवर मायोसिनचा थर द्यायचा. डोळ्यांना काही दिसत नाही, नुसती ओली काच. त्यावर ॲक्टिनचे धागे सोडायचे, चमकता रंग लावलेले. ही दोन्ही प्रथिनं तू कापलेल्या मांडीतूनच काढलेली असायची, म्हणून तुला सांगते. धागे पडतात आणि चिकटून बसतात. मग एटीपीचा, म्हणजे स्नायूच्या इंधनाचा, थेंब सोडला की सगळे एकदम चालायला लागतात. ना डोकं ना शेपूट, तरी चालतात. खाली मायोसिनची डोकी त्यांना पकडतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पकडतात. मांडी उडते तेव्हा आत हेच होतं, फक्त लाखो ठिकाणी एकाच वेळी.

एटीपी संपलं की धागे थांबतात. मला आधी वाटायचं ते थकून सुटत असतील. सुटत नाहीत. डोकं धाग्याला धरतं ते आपोआप धरतं. सोडायला मात्र एटीपीचा नवा कण येऊन बसावा लागतो. तो आला नाही तर पकड तशीच राहते. टांगलेलं जनावर काही तासांनी लाकूड होतं ते त्यामुळं. ते घट्ट धरून नसतं. त्याच्यापाशी सोडण्यापुरतंही काही उरलेलं नसतं.

त्या दिवशीचं तुला मी सांगायची गरज नाही. तरी साक्षीची तयारी म्हणून लिहून बघते. रविवार होता. सकाळी मी तुझ्याकडे ठेवलेला डबा न्यायला आले नाही, म्हणून तू काम संपवून, तुकडा स्वतःच काडीला बांधून, डबा घेऊन घरी आलास. तुला वाटलं मी आजारी आहे. दार उघडं होतं. माझ्या नवऱ्यानं माझे केस मुठीभोवती गुंडाळले होते आणि माझं डोकं ओट्याच्या कडेवर आपटत होता. घाईनं नाही. त्याच्या टायरच्या दुकानात रिमवर टायर चढवायचा तसा, ठोका, थोडं फिरवायचं, पुन्हा ठोका. तुला बघूनही थांबला नाही. तू पट्ट्यातली सुरी काढलीस. पहिला वार बरगडीखाली. तो गुडघ्यांवर आला आणि त्याच्याबरोबर मीही, कारण केस त्याच्या हातात होते. मग दुसरा वार, मानेच्या मुळाशी. मधे काही नाही.

पोलिसांनी ओट्यावरचा डबा उघडला. आत काडीला बांधलेलं मांस बघून एक हवालदार बाहेर जाऊन ओकला. कुणाचं काय समजला देव जाणे. हे मी हसत सांगितलं असतं, तू भेटला असतास तर.

बर्फवाली


२१ फेब्रुवारी

हेही परत आलं, उलट्या घडीचं. एका ओळीवर बोटाचा डाग होता. "मधे काही नाही" या ओळीवर.

आई आली होती. तुला भेटून सरळ माझ्याकडे आली, चप्पल न काढता खुर्चीत बसली.

"वाळलाय," म्हणाली. "डोळे तेवढे तुझ्या बापासारखे करून बसतो. मी विचारलं, रे, तुझा बाप आयुष्यभर जनावरं कापत होता, पण घरात झुरळ निघालं तर मला हाक मारायचा. तू कुणावर गेलास?"

"काय म्हणाला?"

"झुरळ मोठं होतं म्हणाला."

आम्ही दोघी हसलो. मग आई रडायला लागली आणि मी तिच्या पायांतली चप्पल काढली.

"तुझ्याबद्दल विचारलं मी. म्हणाला, तिला सांग येऊ नको. आणि बोलू नको. वकीलबाई सांगतील तेवढंच बोल."

"चिडून म्हणाला?"

"अगं, चिडायला तोंड उघडावं लागतं."

माझ्या डोक्याची जखम भरली आहे. टाके पडले तिथं केस येत नाहीत. हेही त्याच धाग्यांचं काम. जखमेच्या कडेच्या पेशी पुढच्या बाजूला ॲक्टिनचे धागे रचतात, एक पातळ पदर पुढे सारतात, तो खाली टेकवतात, मग मागचं अंग ओढून घेतात. मागची पकड सोडली नाही तर पेशी पुढे जाऊ शकत नाही. तशीच ओढत राहिली तर फाटते. मॅडमनी मला ते पडद्यावर दाखवलं होतं, भराभर पळवून. एक पेशी बराच वेळ ताणली जात होती. मागची शेपटी सुटेना. शेवटी तुटली आणि तिथंच राहिली. पेशी पुढे गेली.

तू डाग पाडलास म्हणून लिहिते. मधे काहीतरी होतं. मधे मूठ सुटली.

पहिल्या वारानंतर तो गुडघ्यांवर बसला. माझं डोकं त्याच्या मांडीजवळ ओढलेलं. त्याच्या श्वासात पाणी असल्यासारखा आवाज येत होता. मग बोटं एकेक करून ढिली झाली. मला ते टाळूवर कळलं. रक्त परत येताना मुंग्या येतात तसं. तो म्हणाला, "झालं." दर वेळी मारून झालं की तो असाच म्हणायचा, "चल, झालं," आणि फडक्यात बर्फ गुंडाळून आणायचा. माझ्याच डब्यातला बर्फ. तुला हे माहीत नव्हतं. आता आहे.

तो आडवा झाला. हात फरशीवर पडला, तळवा वर, उघडा.

वकीलबाईंना मी हे सांगितलेलं नाही. मी तेच वाक्य बोलणार आहे, मूठ होती. तुला खोटं आवडत नाही हे मला माहीत आहे. पण हे वाक्य माझ्या केसांबद्दल आहे.

बर्फवाली


१ मार्च

परत आलं. या वेळी डाग नाही. वाट बघत होतास ना पुढचं लिहीन म्हणून? की लिहू नये म्हणून?

काल कत्तलखान्यात गेले तेव्हा तुझा जुना साथीदार भेटला, तुझ्यामागे कातडं सोलायचा तो. एक कान नसलेला. म्हणाला, "बर्फवाली, तुझा भाऊ असता तर आज मला घरी लवकर जायला मिळालं असतं. हा नवा जनावर मारत नाही, जनावराशी भांडतो." मग आवाज खाली करून म्हणाला, "दुसरा वार मी ऐकलाय कसा बसला. डॉक्टरनं लिहिलंय म्हणे, एका हातात. ते आमच्याच हाताचं काम. दुसऱ्या कुणाला जमणार नाही. पण डोळा बघितल्याशिवाय तो वार करायचा नाही. मला माहीत आहे ना. बघितला होता का?"

मी म्हणाले मला दिसलं नाही.

मला दिसलं, दादा. मी तुझ्यापासून हातभर अंतरावर होते. तू खाली बसलास. सुरी उजव्या हातात, डाव्या हाताचं पहिलं बोट त्याच्या डोळ्याला लावलंस. पापणी मिटली.

कत्तलखान्यात पापणी मिटली तर तू विचारायचा नाहीस. पापणी मिटली की पुन्हा चिमटा, एक शब्द न बोलता. तू विचारायचास ते पापणी हलली नाही तरच. इतकी वर्षं तुझ्याशेजारी उभी राहिले, यात कधी फरक पडला नाही.

त्या दिवशी पापणी मिटली आणि तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. तुझ्या बोटावर त्याच्या डोळ्यातलं पाणी होतं. तू म्हणालास, "घेऊ?"

मी म्हणाले, "घे."

हे लिहायला मला चार पत्रं लागली. आधी मी स्वतःला सांगितलं की मला ऐकू आलं नाही, डोकं आपटलेलं होतं, कान वाजत होते. मग सांगितलं की सवय होती. तू विचारतोस, मी घे म्हणते, त्यात विचार कुठं असतो? जीभ हा स्नायूच आहे. मज्जातंतूतून इशारा येतो, आत कॅल्शियम सुटतं, डोकी धागे पकडतात, जीभ टाळूला लागते, शब्द होतो. मांडी काडीवर उडते तसा. मांडीला कोण विचारतं?

पण मांडी उडते तेव्हा ती कुणाकडे बघून उडत नाही. मी आधी त्याच्या हाताकडे बघितलं. उघडा होता, तळव्याच्या रेघांत टायरचं काळं. मग तुझ्याकडे बघितलं. मग म्हणाले.

सुरी गेल्यावर मी त्याच्या बरगडीवर हात दाबले. पहिल्या जखमेवर. दुसऱ्या जखमेवर नाही, तिथं दाबून उपयोग नव्हता हे मला माहीत होतं. तू उभा राहून ते बघत होतास. घे म्हणून सांगणारी आणि हात दाबून बसणारी एकच बाई. तेव्हा तुझं तोंड मिटलं ते अजून मिटलेलंच आहे.

आता मला वाटतं मी चुकीचं समजले. तुझा राग नाहीच आहे. तू गप्प आहेस कारण तोंड उघडलंस तर माझा शब्द बाहेर येईल.

बर्फवाली


८ मार्च

पत्र परत आलं नाही.

मी वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी दिलं. माझ्यासमोर वाचलं. मग मला म्हणाला पाणी मिळेल का. मी शिपायाला सांगायला वळले, परत बघते तर कागद नाही."

आई संध्याकाळी आली. "वेड लागलंय त्याला," म्हणाली. "मी विचारलं, बहिणीचं पत्र आलं होतं म्हणे, काय लिहिलंय? म्हणाला, खाल्लं. म्हटलं, काय खाल्लंस? म्हणाला, पत्र. शाई कडू होती म्हणे. आत जेवायला देत नाहीत का गं?"

"देतात, आई."

"मग कागद कशाला खातो?"

मी तिला चहा करून दिला. ती बशीत ओतून प्याली. निघताना म्हणाली, "हो, आणि एक निरोप आहे. म्हणाला, तिला सांग, मूठ केसांत होती. मी बघितलंय. तिनं वेगळं काही सांगितलं तर ती मला बहीण नाही." चपलेत पाय घालताना आई म्हणाली, "म्हणजे आता आहेस ना?"

मग मी तेच बोलेन. साक्ष बाराला आहे. चार वर्षांनी बाहेर येशील. कत्तलखान्यात तुला परत घेतील की नाही माहीत नाही. मॅडमना विचारून ठेवते, आमच्याकडे थंड खोलीत माणूस लागतो. खिमा करायचा, गाळायचा. तुला ते काम हलकं वाटेल.

हे पत्र खाऊ नकोस. यात काही नाही.

बर्फवाली


१२ मार्च

तुला सगळं दिसलं आहे, तू पिंजऱ्यात उभा होतास. तरी लिहिते. माझ्या बाजूनं कसं दिसलं ते तुला तिथून दिसलं नसेल.

वकीलबाईंनी विचारलं, मी सांगितलं. दुसरा वार बसला तेव्हा मूठ माझ्या केसांत होती. एका दमात, सरळ बोलले. तू खाली बघत होतास. तुझे खांदे सैल झालेले मला दिसले.

मग सरकारी वकील उठले. सर्दी झालेला माणूस. आधी नाक पुसलं.

"बाई, तुम्ही प्रयोगशाळेत स्नायूंवर काम करता. मूठ घट्ट मिटली की तळव्यात बाहेरचं पाणी जातं का?"

"नाही."

"रक्त?"

मला तेव्हाच कळलं. त्यांनी फोटो पुढे केला. फरशीवर हात, तळवा वर. तळव्यात रक्त साचलेलं, बोटांच्या पेऱ्यांपर्यंत, मधल्या खळग्यात तर डबकं. मानेची धार तिथं पडली होती. त्याखालून टायरच्या काळ्या रेघा दिसत होत्या.

"हे दुसऱ्या वाराचं रक्त आहे. डॉक्टरांनी सांगितलंय. मूठ मिटलेली होती तर हे आत कसं गेलं? आणि तुमचा एक केससुद्धा यात का नाही?"

वकीलबाईंनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी उत्तर द्या म्हटलं. मी म्हणाले, "सुटली होती."

"मघाशी तुम्ही वेगळं म्हणालात."

"ते खोटं होतं."

ते न्यायाधीशांकडे वळले. आवाज चढवला नाही. म्हणाले, हा माणूस रोज मारायचं काम करतो. पडलेला माणूस, उघडा हात, आणि यानं सुरी फिरवली. थांबला नाही, विचार केला नाही, कुणाला विचारलं नाही. मेंढ्याला तरी कत्तलखान्यात एक नियम असतो.

"विचारलं होतं," मी म्हणाले.

कुणी मला काही विचारलेलं नव्हतं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "काय विचारलं होतं?"

मी सांगितलं. डोळ्याला बोट, पापणी, घेऊ, घे. डब्याचं झाकण, काड्या, दोरा, इतकी वर्षं मी होय म्हणेपर्यंत तू कसा थांबायचास, सगळं. मी नको म्हणाले असते तर तू थांबला असतास, हेही सांगितलं. तू माझ्यासाठी रांग थांबवायचास. तिथंही थांबला होतास.

"तुम्ही हा शब्द शुद्धीत उच्चारलात?" सरकारी वकिलांनी विचारलं. आता सर्दी विसरले होते. "डोक्याला मार लागला होता. सवयीनं तोंडातून गेला असेल."

ते दार त्यांनीच उघडलं होतं. वकीलबाई मला मान हलवून सांगत होत्या, हो म्हण.

"नाही," मी म्हणाले. "आधी हात बघितला. मग म्हणाले."

आणि तू बोललास. चार महिन्यांनी पहिल्यांदा तुझा आवाज ऐकला. "खोटं बोलतेय ती," ओरडलास. "तिच्या डोक्याला मार आहे, साहेब, ती काहीही बोलते, मी कुणाला विचारलं नाही, मी एकट्यानं मारलंय." दोन शिपायांनी तुला खाली दाबलं. तू गजाला धरून ठेवलं होतंस. त्यांनी बोटं एकेक करून सोडवली. एकाच्या कोपरानं तुझा ओठ फुटला. न्यायाधीश टेबलावर हात आपटत होते. आई मागच्या बाकावरून म्हणत होती, "अरे मारू नका त्याला, अरे लेकरू आहे ते."

तुझा आवाज बसला आहे, दादा. पाणी पीत जा.

बाहेर वकीलबाई माझ्याकडे न बघता पुढे निघाल्या. पायऱ्या उतरताना फक्त म्हणाल्या, "तो सुटणार नाही आणि तूही आत जाणार. काय मिळवलंस?" मग थोड्या पुढे जाऊन परत आल्या. "जन्मठेप कदाचित टळेल त्याची. कदाचित. थांबला होता, हे आता कागदावर आहे."

हे पत्र त्यांनी घेतलं तर उद्या देईन.


१३ मार्च, सकाळ

सात वाजता पोलीस आले. मी मोरीत डबा घासत होते. महिला शिपाई म्हणाली डबा राहू दे. मी तो उपडा ठेवला, पाणी निथळायला. जिन्यात तिनं माझं मनगट धरलं. खाली आल्यावर सोडलं. मी गाडीत बसले.